सही राजाची, कागद कुणाचा?

बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या सहीचा कागद विकायला निघाला की घेणारा आधी विचारतो, ‘सही अस्सल आहे ना?’ विकणारा छातीवर हात ठेवतो, घेणारा खिशातून भिंग काढतो, थोडी घासाघीस होते आणि कागद एका प्लास्टिकच्या पाकिटातून दुसऱ्या पाकिटात जातो. तो मुळात कोणत्या दप्तरातला, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते सगळ्यांत आधी हेच विचारायला हवं. सही जितकी अस्सल, तितका हा प्रश्न अवघड होत जातो.

दरबारचा कागद दोन वाटांनी जातो. एक कागद बाहेर जाण्यासाठीच लिहिलेला असतो. इनामाची सनद, नेमणुकीचा हुकूम, आभाराचं पत्र, सही करून भेट दिलेली तसबीर, हे सगळं त्यात आलं. असा कागद पावणाऱ्याच्या घरी पोचला की त्या घरचा झाला. दरबारात त्याची फक्त स्थळप्रत उरते. दुसरा कागद कचेरीबाहेर पडायचाच नसतो. खात्याने एखादी बाब टिपणात मांडायची, समासात वरिष्ठांनी शेरे मारायचे, टिपण दिवाणांकडून हुजुरांकडे, म्हणजे खुद्द महाराजांकडे, जायचं आणि तळाशी मंजुरी घेऊन परत खात्यात यायचं. बाहेरून आलेला अर्जही यातच मोडतो. अर्जदाराने तो देऊन टाकला, तेव्हा तो दरबारचा झाला.

आता सही कुठे सापडते ते पाहा. सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले २८ डिसेंबर १८८१ रोजी, आणि ते वारले ६ फेब्रुवारी १९३९ रोजी. सत्तावन्न वर्षांचा हा कारभार टिपणांवर चालला. सनद एकदा निघते. त्या सनदेमागे चौकशी, शेरा, फेरशेरा, मंजुरी असे कितीतरी कागद कचेरीत साचतात आणि हुजुरांची सही त्यांच्यावर असते. ‘राजाची सही’ हीच कसोटी धरून भाव ठरू लागला, तर बाजार घरातल्या पेटीकडून सरकत सरकत सरकारी दप्तराच्या दाराशी येतो. त्यासाठी कुणी चोर असावं लागत नाही. मागणी तशा कागदाला आहे, एवढं पुरेसं असतं.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. खाती मोडली, गठ्ठे या कचेरीतून त्या कचेरीत हलले. जुने कागद वर्गवारी करून ठरावीक वर्षांनी निकाली काढायची रीत सगळ्याच कचेऱ्यांत होती, आणि काही कागद असे रीतसर रद्दीत गेले हे मान्य करायला हवं. पण रद्दीत जातात ती हजेरीपत्रकं, सामानाच्या मागण्या, किरकोळ पावत्या. हुजूर मंजुरीचं टिपण सहसा त्या ढिगात पडत नाही. म्हणून ‘रद्दीवाल्याकडून आला’ हे उत्तर टिपणाच्या बाबतीत अपुरं आहे.

असं टिपण हातात आलं तर सही नंतर पाहावी, कडा आधी पाहाव्यात. कोपऱ्यात नाड्याचं भोक आहे का? असेल तर कागद फायलीत ओवलेला होता. भोक फाटून कडेपर्यंत गेलं असेल तर तो ओढून काढला आहे. वरची कड बाकीच्या तीन कडांपेक्षा पांढरी आणि कात्रीने कापल्यासारखी सरळ असेल, तर तिथला जावक क्रमांक किंवा खात्याचा शिक्का कुणीतरी उडवला आहे. जुना कागद कडेकडून तपकिरी होत आत सरकतो. तीन बाजूंना हा पट्टा दिसावा आणि चौथीला नसावा, याला दुसरं कारण मिळणं कठीण. आणि ज्याने क्रमांक उडवला त्याला कागद कुणाचा हे नीट माहीत होतं.

सहीच्या या वेडाची दुसरी अडचण जुनी आहे. आपल्याकडे पूर्वी राजे सही करत नसत. शिवाजी महाराजांच्या पत्रावर वर ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ ही मुद्रा आणि मजकूर संपतो तिथे ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब. ही मर्यादा म्हणजे अक्षरश: मजकुराची हद्द, तिच्याखाली कुणी एक ओळही वाढवू नये म्हणून. पेशव्यांच्या कागदावर तेच काम ‘लेखनसीमा’ हा छोटा शिक्का करतो. अहिल्याबाईंच्या आज्ञांवर ‘श्री शंकर’ येतं. राज्य ज्याचं त्याचं नाव. गायकवाडांच्या शिक्क्यात ‘सेनाखासखेल समशेर बहादूर’ हा किताब असतो. मजकूर कारकुनाच्या हातचा, तपासणी चिटणीस-फडणीसांची, शिक्का सांभाळणारा आणखी तिसरा. कधी धन्याने शेवटी स्वत:च्या हाताने दोन ओळी घातलेल्या असतात, आणि त्या ओळी फार मोलाच्या. पण ती सही नव्हे, आणि ते अक्षर त्याचंच हे ठरवायला त्याच हाताचे निर्विवाद असे दुसरे कागद शेजारी ठेवावे लागतात. शिवाजी महाराजांच्या हस्ताक्षराबाबत तर संशोधकांत आजही एकमत नाही.

तरीही बाजारात अठराव्या शतकातल्या ‘पिलाजी गायकवाडांच्या सहीचं पत्र’ असं वर्णन खुशाल लिहिलं जातं. हे वर्णन बाहेरून आलं. युरोपात राजाची सही खरोखर असते. व्हिक्टोरिया राणीची नेमणूकपत्राच्या माथ्यावर दिसते, आणि नेपोलियनची आखूड होत होत नावाच्या दोन-तीन अक्षरांवर आली. तिथेही गोम आहेच. चौदाव्या लुईच्या नावाच्या कितीतरी सह्या त्याच्या चिटणिसांनी केलेल्या आहेत, आणि तसं करण्याचा त्यांना अधिकार होता. तिथले संग्राहक हे जाणून विकत घेतात. आपण मात्र त्यांची कसोटी उसनी आणली आणि मोर्तबाच्या कागदावर लावली. परिणाम ठरलेलाच: गिऱ्हाइकाला सही हवी म्हणून कुणीतरी तळाशी ती घालून देतो. अठराव्या शतकातल्या मोडी पत्राखाली सरदाराचं नाव बाळबोध अक्षरात, ठळक आणि वाचता येईल असं दिसलं, तर पत्र तिथेच खाली ठेवावं. बिचारा मूळ कागद बहुधा अस्सल असतो. एखादी गावच्या हिशेबाची यादी, जिच्या तळाशी जागा मोकळी होती. त्या एका खोट्या सहीने ती खरी यादीही बाद होते.

बनावट म्हटलं की आपल्याला चहाच्या पाण्यात बुडवलेला कागद आठवतो. तो पकडायला सोपा. अवघड आहे ती जुनी बनावट. १८५२ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशनला बळ मिळालं आणि इनामदारांना हक्काचे कागद दाखवावे लागले. ज्यांच्याकडे होते त्यांनी दाखवले. ज्यांचे वाळवीने खाल्ले होते, आगीत गेले होते किंवा मुळात नव्हतेच, त्यांच्यातल्या काहींनी ते तयार करवून घेतले. बडोदे संस्थानातही बारखळी, म्हणजे सारामाफीच्या, जमिनींची चौकशी झाली, आणि चौकशी आली की कागद जन्माला येतात. अशा सनदेचा कागद पावणेदोनशे वर्षांचा, शाई काजळाची, लेखणी बोरूची, मोडीचं वळण सराईत. प्रयोगशाळा तिला जुनीच म्हणणार. ती पकडली जाते मजकुरातून, आणि मजकुरातही सगळ्यांत आधी तारखेतून.

एक नमुना घेऊ. समजा, थोरल्या माधवराव पेशव्यांचा शिक्का असलेल्या कागदावर मिती आहे ‘छ २५ रमजान, सुरू सन सलास सबैन मया व अलफ’. छ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख. सलास तीन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, सन ११७३. या ‘सुरू’, म्हणजे सुहूर, सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. आकडे दोन, कारण हे वर्ष जानेवारीत न बदलता मृग नक्षत्राला, जूनच्या सुरुवातीला बदलतं. त्या वर्षीचा रमजान नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाला, म्हणजे मिती पडते १७७२ च्या डिसेंबरात, विसाव्या तारखेच्या आसपास. माधवराव वारले १८ नोव्हेंबर १७७२ रोजी. आठ दिवसांची चूक कारकुनाच्या माथी मारता येते. महिन्याभरापूर्वी मेलेल्या धन्याचा शिक्का कुणी उमटवत नाही. हे गणित कागदाला हात न लावता, नुसत्या फोटोवरून करता येतं, आणि तरीही पैसे मोजण्याआधी ते करणारे थोडे. सयाजीरावांच्या बाबतीत याहून सोपी चाळणी आहे. ते १८७५ मध्ये दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते आणि १८८१ पर्यंत कारभार दिवाण टी. माधवरावांच्या हाती होता. १८७८ च्या जमीन-मंजुरीवर महाराजांची एकट्याची सही असेल तर विचारायला हवं, पंधरा वर्षांच्या मुलाने ही मंजुरी कोणत्या अधिकारात दिली?

तारखेतून सुटला तर कागद उजेडासमोर धरावा. हातकागदात, मग तो जुन्नरी असो, दौलताबादी असो की अहमदाबादी, लगदा कमीजास्त बसलेला दिसतो आणि घोटलेला पृष्ठभाग तिरप्या उजेडात चमकतो. विलायती कागदात गिरणीचं जलचिन्ह दिसतं, आणि १७९४ पासून इंग्रजी गिरण्या त्यात सालही घालू लागल्या. १७९० च्या पत्रात १८११ चं जलचिन्ह निघालं तर ती फार तर नक्कल आहे. नक्कल असणं हा गुन्हा नाही; नक्कल अस्सलच्या भावाने विकणं हा आहे. मग अतिनील बॅटरी, ३६५ नॅनोमीटरची, अंधारात. जो कागद निळसर-पांढरा झळकतो त्यात चमक आणणारी रसायनं आहेत आणि ती साधारण १९५० नंतर कागदात येऊ लागली. न झळकणारा कागद मात्र जुना ठरत नाही. जुन्या वह्यांची कोरी पानं आजही मिळतात आणि बनावट करणाऱ्याला त्यांचा पत्ता आपल्याआधी ठाऊक असतो.

शेवटी भिंग, दहापट. शिक्क्याची शाई तंतूंत मुरलेली असते आणि कडेला थोडी दाटते. लेझर छपाईत काळे कण वर बसलेले दिसतात, इंकजेटमध्ये रंगीत ठिपके. तसबिरीवरची सही छापील असेल तर भिंगाखाली ठिपक्यांची जाळी उमटते. रबरी शिक्क्याची असेल तर जोर सगळीकडे सारखा, कुठेही लेखणी उचलल्याची खूण नाही. सगळ्यांत बोलकी जागा घडीची. घडीवर तंतू तुटलेले असतात. मजकूर आधीचा आणि घडी नंतरची असेल तर शाईची रेघ घडीवर चिरते. घडी आधीची असेल तर शाई चिरेत उतरून फुटते, पाटातून पाणी फुटावं तशी. तळाच्या सहीतली शाई घडीत फुटलेली आणि वरच्या मजकुरातली चिरलेली, एवढं दिसलं तर पुढची परीक्षा करायचं कारण नाही.

आता कायद्याबद्दल, कारण त्याबाबत दोन्हीकडून गैरसमज आहेत. पुरावस्तू आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ चा. इतर वस्तूंना तो शंभर वर्षांची अट घालतो, पण हस्तलिखित, दप्तर किंवा दस्तऐवज असेल आणि त्याला शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा सौंदर्याचं मूल्य असेल तर पंचाहत्तर वर्षं पुरतात. १ मे १९४९ मध्ये पंचाहत्तर मिळवा. १ मे २०२४ ला बडोदे संस्थानच्या शेवटच्या दिवसाचा कागदही या वयात आला. ऐतिहासिक मूल्य असेल, आणि हुजूर सहीच्या कागदाला ते नाही म्हणणं अवघड, तर तो आता पुरावस्तू आहे. असा कागद घरात ठेवणं गुन्हा नाही. पण पुरावस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो, आणि खाजगी माणसाने ती देशाबाहेर पाठवायची नाही. पाठवली तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. एखाद्या लंडनच्या गिऱ्हाइकाला साध्या टपालाने ‘जुनं पत्र’ पाठवणाऱ्याला हे बहुधा माहीत नसतं.

इथे संग्राहक उलट विचारतात, आणि त्यांचं म्हणणं हलकं नाही. ते म्हणतात, सरकारने काय जपलं? इतिहास जपला तो घरांनी आणि छांदिष्टांनी. खरं आहे. पुण्याचं पेशवे दप्तर अभ्यासकांना कित्येक दशकं नीट उघडलं नव्हतं, आणि त्या काळात इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यांवरचे कागद उतरवले आणि १८९८ पासून खंडामागून खंड छापले. पेशवे दप्तर शेवटी उघडलं, तेव्हा त्यातले निवडक कागद ४५ खंडांत संपादित करायचं काम गोविंद सखाराम सरदेसायांकडे आलं. ते बडोद्यात १८८९ पासून १९२५ पर्यंत सयाजीरावांच्या नोकरीत होते. इतिहासाचा नाद त्यांना याच नोकरीत लागला. तेव्हा खाजगी संग्रह नसावेत असं बडोद्यात बसून तरी म्हणवत नाही. पण राजवाडे कागद मिळवून छापत. आजचा संग्राहक मिळवून फ्रेम करतो. राजवाड्यांनी आणलेला कागद उद्या हरवला तरी मजकूर राहतो. भिंतीवरच्या सहीचा मजकूर बहुतेकदा मालकालाच वाचता येत नाही, कारण तो मोडीत आहे. फ्रेमवाला मजकुराच्या बाजूने घडी घालून सही तेवढी दिसेल अशी खिडकी कापतो, ही तर वेगळीच कथा.

दुसऱ्या टोकाला आहेत ते म्हणणारे की सगळं सरकारजमा करा. त्यांनी इनाम कमिशन आठवावं. कागद मागायला सरकार आलं की लोक दोन गोष्टी करतात, लपवतात किंवा बनवतात. आजही एखाद्या दांडिया बाजारातल्या किंवा बाबाजीपुऱ्यातल्या घरी जुनं गाठोडं निघालं आणि कुणीतरी सांगितलं की ‘हे ठेवणं बेकायदेशीर आहे’, तर ते गाठोडं अभिलेखागारात जात नाही. ते रात्री बंबात जातं. घरची सनद घरी राहणं हा काही इतिहासावर अन्याय नाही. ती ज्याला मिळाली त्याच्या वंशजाकडे ती आहे, यातच तिचा अर्धा अर्थ आहे.

आणि काही कागद दोन्ही बाजूंचे असतात. बडोद्याचीच बहांदरी घ्या. १८०२ नंतर गायकवाड सरकारच्या देण्याला कंपनी सरकार हमी देई. हरिभक्ती, सामळ बेचर, मैराळ अशा पेढ्यांनी दिलेल्या रकमा आणि त्यांवरची ही हमी यांतून रोखे तयार झाले. असा रोखा सावकाराच्या तिजोरीत राहणार, म्हणजे तो पेढीचा. त्यावर गायकवाडांचा शिक्का आणि रेसिडेंटची, म्हणजे दरबारातल्या कंपनीच्या प्रतिनिधीची, इंग्रजी सही. संग्राहकाला याहून काय हवं? पण रोख्यासोबत त्या पेढीची खतावणी असते. कर्ज रोख्यात दिसतं, फिटलं का ते खतावणीत. व्याज किती, वटाव किती कापला, हप्ता रोकडीने आला की एखाद्या महालाच्या वसुलीवर वरात, म्हणजे पैसे देण्याची चिठ्ठी, दिली, हे सगळं खतावणीत. सहीच्या बाजारात रोखा मुंबईला जातो आणि खतावणी किलोवर जाते, कारण तिच्यावर कुणाची सही नाही. उरतो तो एका रकमेचा आकडा, ज्याचं पुढे काय झालं हे आता कुणी सांगू शकत नाही. मुद्रांक गोळा करणाऱ्यांनी तर संस्थानी स्टॅम्पपेपरचे माथे कापून दस्त फेकून दिलेले आहेत. त्या मानाने सहीवाले सभ्य.

म्हणून घेणाऱ्याने रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेला अख्खा गठ्ठा, घ्यावा, सुटा कागद घेऊ नये. रुमाल सोडताना सगळ्यांत वरच्या घडीपासून खालपर्यंत, जसा क्रम आहे तसे शिसपेन्सिलीने मागच्या कोपऱ्यात क्रमांक घालावेत, ‘नीट लावण्याच्या’ फंदात पडू नये. कारकुनाने तो क्रम कारणाने लावला होता. रुमालाचं फडकंही जपावं. त्यावर कधी कधी शाईने महालाचं नाव आणि सन असतो. विकणाऱ्याकडून लेखी घ्यावं: कुठल्या घरून आला, केव्हा, सोबत आणखी काय होतं. त्याने ‘ते विचारू नका’ म्हटलं तर व्यवहार तिथेच संपला. स्कॅन दोन्ही बाजूंचं, कोऱ्या पाठीसकट, कारण ‘बार’, ‘रुजू’ असे नोंद-तपासणीचे शेरे आणि जोडावरचे शिक्के पाठीवरच असतात. ४०० डीपीआय पुरतं, शेजारी पट्टी ठेवून. शिक्क्याचा एक फोटो तिरप्या उजेडात वेगळा.

जतनाबद्दल थोडकंच सांगतो, कारण नुकसान ठरावीक चार-पाच चुकांनीच होतं. सेलोटेप नको, पाच-दहा वर्षांत तिचा डिंक तेलकट पिवळा होऊन कागदात उतरतो आणि मग निघत नाही. लॅमिनेशन तर मुळीच नको. पीव्हीसीची पाकिटं आम्ल सोडतात, पॉलिस्टरची चालतात. काजळाची शाई शतकानुशतकं फिकी पडत नाही, पण ओल्या बोटाने पुसली जाते. म्हणून जुना मोडी कागद ओल्या फडक्याने ‘स्वच्छ’ करू नये. एकोणिसाव्या शतकातली हिराकसाची शाई याच्या उलट. ती पाण्याला बऱ्यापैकी टिकते पण कागद खाते, अक्षरांच्या जागी जाळी पडते. तिला घडी घालू नये. फाटलेलं जोडायला जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ. इस्त्री नको. वेखंड आणि कापूर कसर लांब ठेवतात, पण वाळवीला ते पुरत नाहीत. तिच्यासाठी कपाट भिंतीपासून चार बोटं लांब आणि फरशीपासून वर हवं.

बडोद्यात तळमजला हाच मोठा शत्रू. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री शहरात शिरली तेव्हा जी घरं बुडाली त्यांत जुने कागदही होते. भिजलेला रुमाल उन्हात पसरू नये, पानं एकमेकांना चिकटून पत्रा होतो. अठ्ठेचाळीस तासांत बुरशी धरायला लागते. तेवढ्या वेळात एकेक पान टीपकागदात घालून पंख्याखाली सुकवणं जमत नसेल, तर गाठोडं तसंच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवावं. गोठलेला कागद थांबतो, आणि सवडीने जाणकाराकडे नेता येतो. महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे. निदान विचारायला जागा आहे, अनेक शहरांना तीही नाही.

सरकारकडे मागणी एकच आणि ती खर्चाची नाही. राज्य अभिलेखागाराच्या बडोद्यातल्या कचेरीत एक खिडकी असावी. घरच्या कागदाचं तिथे स्कॅन करून कागद त्याच दिवशी परत द्यावा. दप्तरातून सुटलेलं टिपण कुणी आणून दिलं तर ते ठेवून घ्यावं आणि कसं मिळालं याची फौजदारी चौकशी त्या आणणाऱ्यामागे लावू नये. चोरी करून विकणाऱ्याला पकडायला इतर कलमं आहेत. आज परत देणाऱ्यालाच सगळ्यात जास्त धास्ती, म्हणून कुणी परत देत नाही; मालक वारला की मुलं ते टिपण पुन्हा बाजारात सोडतात आणि प्रत्येक हाताबरोबर त्याची मूळ जागा आणखी पुसट होते. परत देणाऱ्याला साक्षांकित प्रत मिळावी, भिंतीवर लावायची असेल तर तिच्यावरही सही तशीच दिसते. आणि पावती मराठीत व गुजरातीत, अभिलेखागाराच्या क्रमांकासह, म्हणजे फायलीतली रिकामी जागा कोणत्या कागदाने भरली हे उद्याच्या वाचणाऱ्याला कळेल.